पत्रकांवर वाढलेले होले

तुम्ही आजवर कुणाला मोकळे केले आहे का? आणि केले असेल, तर मोकळे करण्याआधी त्याला दाणे कुठे सापडतात हे शिकवले होते का?

पहिल्या प्रश्नाला मी ताठ मानेने हो म्हणेन. दुसऱ्या प्रश्नाला मला खाली पाहावे लागते.

आमचा छापखाना चिंचवडला. एक खोली, पायाने चालवायचे एक ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसी, आणि उरलेल्या जागेत आम्ही बापलेक. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवले ते दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि पत्रकांनी. दादा पोटासाठी लग्नपत्रिका छापत आणि मनाच्या समाधानासाठी पत्रके. हुंडा देऊ नका, दारू पिऊ नका, विहीर सर्वांना खुली करा, रात्रीच्या शाळेत या. मी अक्षरे शिकले ती याच कागदांवर. मला वाचता आलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. शाळेत 'माझे आवडते फळ' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी आंब्याच्या भाववाढीचा निषेध केला होता आणि शेवटी बंधुभगिनींना एकजुटीचे आवाहन केले होते. गुरुजींनी खाली तांबड्या शाईत विचारले होते, 'पण चव कशी असते?'

छापखान्यात तिसरे माणूस म्हणजे आमचे कंपोझिटर. मालवणकडचे. खिळे उलटे वाचून वाचून त्यांना सगळे जगच उलटीकडून वाचायची सवय झाली होती. मी त्यांना काका म्हणत असे.

मी अठरा वर्षांची होते त्या वर्षीची गोष्ट. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले होते आणि रस्त्याकडेच्या बाभळी तुटत होत्या. गणपतीच्या दिवसांत, म्हणजे आमच्या कामाच्या अगदी गर्दीत, एक मजूर पागोट्यात काहीतरी गुंडाळून आमच्या दारात आला. झाड पाडल्यावर घरटे सापडले, म्हणाला. तुमच्याकडे कागदाची खोकी असतात, एखाद्यात ठेवा. एवढे बोलून त्याने पागोटे झटकले, डोक्याला बांधले आणि तो निघून गेला. टेबलावर होल्याची, म्हणजे रानातल्या छोट्या कबुतराची, दोन पिल्ले उरली.

होल्याचे पिल्लू तुम्ही पाहिले नसेल तर मी सांगते. सुकलेल्या सुपारीला पिवळे केस फुटावेत आणि तिला कुणीतरी दुसऱ्याची चोच डकवावी, तसे ते दिसते. काकांनी चष्मा वर करून पाहिले आणि ही छपाईची चूक आहे असे मत दिले.

मी त्यांना वाढवायचे ठरवले. आधी अर्थातच तत्त्वे ठरवली. पिंजरा ठेवायचा नाही. नावे ठेवायची नाहीत, कारण नाव ठेवणे म्हणजे मालकी सांगणे. पंख फुटले की त्यांना समारंभपूर्वक मोकळे करायचे. नावे नसल्यामुळे एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा म्हणावे लागले, पण ती नावे नव्हेत, वर्णने आहेत, असे मी काकांना बजावले.

पहिले दिवस सातूच्या पातळ पिठावर गेले. होल्याचे पिल्लू 'आ' करत नाही. ते आईच्या चोचीत आपली चोच खुपसते. ही गोष्ट कळेपर्यंत दोघांच्या डोक्याला, पाठीला आणि माझ्या परकराला पीठ लागले होते, फक्त पोटात काही गेले नव्हते. शेवटी मी दोन बोटे जुळवून त्यांच्या फटीत पीठ धरले. थोरल्याने त्या फटीत चोच घातली आणि असा जोर लावला, की मला वाटले हा आता कोपरापर्यंत जाणार.

पुढे ते दाणे टिपू लागले, आणि इथे मी ती चूक केली. आमच्या खोलीच्या जमिनीवर शाई, रॉकेल आणि सांडलेले शिशाचे खिळे. तिथे बाजरी टाकणे म्हणजे विष घालणे. म्हणून मी रोज छपाईत बिघडलेले एक पत्रक अंथरत असे आणि त्यावर दाणे पसरत असे. सकाळी दारूबंदीवर, दुपारी हुंडाबंदीवर, संध्याकाळी साक्षरतेवर. शिळे पत्रक मी कधी वापरले नाही. दर पंगतीला पान बदलावे तसे बदलत असे, आणि स्वतःच्या स्वच्छतेवर खूश होत असे.

पंख फुटल्यावर दोघे केसींच्या वरच्या फळीवर राहू लागले. पिंजरा नसल्यामुळे त्यांना सगळीकडे जायची मुभा होती आणि ते सगळीकडे जाऊन आल्याच्या खुणा ठेवत. पिंपळे गुरवच्या एका गृहस्थांच्या पत्रिकेवर, बरोबर वधूच्या नावापाशी, धाकट्याने एक पांढरा ठिपका दिला. पाखराने दिलेला कौल आहे, लक्ष्मी येणार, असे काकांनी गंभीरपणे सांगितले. गृहस्थ म्हणाले, लक्ष्मी घरी पोचेल तेव्हा पोचेल, आधी पत्रिका पुन्हा छापा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी मुक्तीचा दिवस ठरवला. पत्रक मीच लिहिले. 'पक्षीमुक्ती समारंभ. पवनेच्या घाटावर. नागरिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.' नागरिक अकरा आले, त्यांतले चार धुणे घेऊन आले होते आणि ते तसेही येणारच होते. दादा एका बाजूला हात बांधून उभे राहिले. काकांनी टोपली धरली. मी भाषणाचा कागद उघडला आणि स्वातंत्र्य हा प्रत्येक जिवाचा कसा हक्क आहे ते सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला काकांनी झाकण काढले.

दोघे उडाले. छान उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. होल्यांनी नदीवर एक फेरी घेतली, परत आले, आणि थोरला माझ्या भाषणाच्या कागदावर उतरून पूर्णविराम टिपू लागला.

मी कागद हलवला. तो हलत्या कागदावर तोल सांभाळून पुढच्या पूर्णविरामाकडे गेला. त्याच्या शेपटीखाली चौथी ओळ दिसेनाशी झाली आणि मला ती पाठ नव्हती. तोवर धाकटा लोकांमध्ये फिरू लागला होता. मी पत्रके वाटली होती, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात एकेक होते. तो एकापाठोपाठ एक सगळ्यांकडे जाऊन आला. चष्मेवाल्या एका आजोबांच्या पत्रकावर तो बराच वेळ रमला. धुणे धुणारी एक बाई आपल्या जावेला म्हणाली की गावात वाचणारे कमी आहेत असे उगाच म्हणतात.

आम्ही घरी पोचलो तेव्हा मुक्त झालेले दोघे आमच्या आधी येऊन मशीनवर बसले होते आणि दुपारच्या अंकाची वाट पाहत होते.

"गो बाय," काका म्हणाले, "तुझ्या पाखरांका वाटता, छापलेला असता ताच खाऊचा असता."

मी रागावले. मागच्या अंगणात स्वच्छ मातीवर मूठभर बाजरी टाकली आणि दोघांना तिच्या मधोमध नेऊन ठेवले. ते दाण्यांतून चालत बाहेर आले, जसे आपण वाळूतून चालतो. मग मी शेजारी एक कोरे, दाणा नसलेले पत्रक टाकले. कोरे म्हणजे दाण्यांपुरते कोरे, मजकूर होता. दोघे धावत गेले आणि अनुस्वार टिपू लागले. चारी बाजूंना अन्न पडलेले आणि हे दोघे उपाशीपोटी मथळ्यावर चोची मारतायत. ही तत्त्वनिष्ठा म्हणावी की मूर्खपणा, हे मला ठरवता येईना, कारण तोवर मला त्या दोहोंत फारसा फरक करता येत नव्हता.

"चूक तेंची नाय," काका खिळे जुळवता जुळवता म्हणाले. "तूय तशीच वाढलंस."

मी मातीतली बाजरी वेचून घेतली आणि पत्रकावर पसरली. 

तोडगा दादांनी काढला. त्यांची बहीण, माझी आत्या, महाळुंग्याला असते. घर शेतकऱ्याचे, दिवाळीच्या सुमाराला बाजरीची मळणी चालू असते, खळ्यावर दाण्यांचे ढीग. तिथे शिकतील, दादा म्हणाले. मी भाऊबिजेला येईनच, तू आधी जा. आणि जातेच आहेस तर हुंड्याची ही पत्रके गावात वाट. त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. आमच्या घरून कुणीही कुठेही रिकाम्या हाताने जात नाही.

कोंबड्यांच्या डालग्यात होले घालून, वरून फडके बांधून मी नाशिकच्या रस्त्याच्या एस.टी.त बसले. डालगे हा पिंजरा नाही, प्रवासाची तात्पुरती सोय आहे, असे मी मनाशी ठरवले होते. पुढच्या बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र उघडले आणि त्या आवाजाने डालग्यात एकदम गोंधळ उडाला. कोंबड्या का, कंडक्टरने विचारले. नाही, मी म्हणाले, ही स्वतंत्र पाखरे आहेत.

"स्वतंत्र हायेत तर टपावरून उडत येऊ द्या की," तो म्हणाला आणि पुढे गेला.

कुरुळीला उतरले आणि तिथून महाळुंग्यापर्यंत डालगे डोक्यावर घेऊन चालत गेले.

आत्याला लिहितावाचता येत नाही, पण तिला न कळणारी गोष्ट मी अजून पाहिली नाही. तिने फडके बाजूला करून आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. भावाने दिवाळीला कालवण धाडले का, विचारले. मी तिला पक्षीमुक्तीची सगळी हकिकत सांगितली. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ओट्यावर बसावे लागले. म्हणाली, तुझ्या बापाचेही लहानपणापासून असेच, सापालासुद्धा चावणार नाही म्हणून सही करायला लावील.

मी होले मोकळे सोडले आणि आधी पत्रके वाटायला निघाले. पहिले घर कुंपणापलीकडच्या म्हातारबाचे. मोठ्या मिशांचे, मऊ बोलणारे म्हातारे. त्यांच्या लेकीचे लग्न त्याच वर्षी झालेले आणि जावई पहिल्या दिवाळसणाला येणार होता. त्याला सायकल हवी आहे असा निरोपही आला होता. म्हणजे माझ्या पत्रकाला याहून योग्य वाचक मिळणे शक्य नव्हते. मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रक घेतले, कपाळाला लावले, आणि त्याची पुडी करून तीत तंबाखू भरली.

पुडीवर अक्षरे दिसत होती. माझ्या मागे मागे कौलांवरून आलेले दोन्ही होले सरळ म्हातारबाच्या मांडीवर उतरले.

म्हातारबाने धाकट्याला अलगद उचलले. धाकट्याने काही हरकत घेतली नाही. म्हातारबाने त्याला तळहातावर वरखाली करून अंदाज घेतला.

"वजन बरं हाय," ते म्हणाले. "भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आमच्यात तिखटाचं असतंय. जावयाला होल्याचं कालवण लई आवडतं म्हनं."

ते पक्षी आहेत, मी म्हणाले. 

"पोरी, ज्याला धरायला पळावं लागत न्हाई त्यो पक्षी न्हाई. ती कोंबडी. आन् कोंबडी खाल्ल्याचं पाप न्हाई."

यावर मी गठ्ठ्यातले आणखी एक पत्रक त्यांच्यापुढे धरले. माझा चेहरा बघून म्हातारबाला दया आली असावी. त्यांनी धाकट्याला माझ्या हातात दिले आणि एक वचन दिले. गोफण मारणार नाही, फासे लावणार नाही. त्या दिवशी आपणहून हाताशी आला तरच धरीन. नाही आला तर तो पक्षी आणि त्याचे रान मोकळे.

मी धावत आत्याकडे आले. तोपर्यंत दोघांना डालग्यात झाकून ठेवायला मी तयार झाले होते. तत्त्व गेले तर जाऊ दे, जीव राहू दे, असे मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

"आज झाकशील," आत्या म्हणाली. "मग? गावात जावई काय एकच हाय का?"

मग तिने मार्ग सांगितला. वासरू आईपासून तोडतात तसे करायचे. एकदम नाही, थोडे थोडे. पहिल्या दिवशी अख्खे पत्रक अंथरायचे, पण त्यावर ओंजळभर माती पसरून मग दाणे टाकायचे. दुसऱ्या दिवशी अर्धे पत्रक, जास्त माती. मग पाव. मग चिटोरा. मग नुसती माती. आणि खाणे झाले की डबा बडवून हाकलायचे, बाजरीच्या राखणीला हाकलतात तसे. माणूस दिसला की पोटात भीती उठली पाहिजे.

मला दोन्ही गोष्टी जड गेल्या. पहिले पत्रक मी फाडायला घेतले आणि थांबले. निदान मथळा तरी राहू दे म्हणाले.

"होल्याला मथळा कशाला?" आत्या म्हणाली. "काय लिवलंय त्यात एवढं?"

मी वाचून दाखवले. तिने मन लावून ऐकले. बरोबर लिहिले आहे, म्हणाली, फाड आता. त्यानंतर रोज फाडण्याआधी ती मला मोठ्याने वाचायला लावत असे. पुढे पुढे शेतावर येणाऱ्या बायकाही ऐकायला थांबू लागल्या. एकीने विचारले की पोरगी होल्यांना रोज पोथी वाचून दाखवते का. सगळ्या गावात मिळून माझे पत्रक जेवढे वाचले गेले नसते, तेवढे ते त्या आठवड्यात होल्यांच्या जेवणाआधी वाचले गेले.

डबा बडवणे त्याहून वाईट. ज्यांना दोन बोटांच्या फटीतून भरवले, त्यांच्यावर "हाऽऽ हाऽऽ" करून धावून जायचे. पहिल्या दिवशी मी डबा बडवला तर दोघे कौतुकाने ऐकत राहिले. छापखान्यात मशीनच्या खडखडाटात वाढलेले ते, डब्याला काय भिणार. थोरला तर डब्यावर येऊन बसला. आत्या म्हणाली, तुझ्या हाकलण्यात जोर नाही, तू त्यांना विनंती करतेयस.

थोरला शहाणा निघाला. वसुबारसेला त्याने अर्ध्या पत्रकाबाहेरचा एक दाणा चुकून टिपला आणि मान वाकडी करून बराच वेळ विचार केला. पाडव्याला तो खळ्यावर रानातल्या होल्यांच्या जोडीने मातीत टिपत होता आणि माणूस दिसला की उडत होता. मला पाहूनही उडाला. मी आत्याला आनंदाने ओरडून सांगितले आणि मग गोठ्यामागे जाऊन थोडा वेळ बसले.

धाकटा मात्र अडला. पावापर्यंत आला, चिटोऱ्यापर्यंत आला, पण चिटोरा काढला की खाणे बंद. पोस्टाच्या तिकिटाएवढा तरी छापील तुकडा त्याला लागे. तो सापडला नाही की मातीत इकडे तिकडे अक्षर शोधत फिरे. भाऊबिजेला दादा सायकलवरून आले, बहिणीसाठी चोळीचा खण आणि माझ्यासाठी पत्रकांचा दुसरा गठ्ठा घेऊन. त्यांनी धाकट्याचे शोधणे पाहिले.  मग स्वतःशीच म्हणाले, आपण जरा जास्तच छापतो की काय.

दुसरा दिवस उजाडला. म्हातारबाच्या अंगणात बाज टाकली होती, तीवर जावई. खडकीला नोकरीला, केसांना तेल, खिशाला पेन. मी कुंपणाच्या अलीकडे, हातात नवा गठ्ठा, कारण गल्लीत वाटायला निघाले होते. दादा आणि आत्या ओट्यावर. धाकटा म्हातारबाच्या आढ्यावर बसलेला. त्याने काल संध्याकाळपासून काही खाल्ले नव्हते.

म्हातारबाने आतून वेताची पाटी आणली आणि बाजेला टेकून उभी ठेवली. मग जावयाला म्हणाले, तुम्ही पेपर वाचा की निवांत. जावयाने पुण्याहून आणलेले वर्तमानपत्र काढले आणि दोन्ही हात पसरून पूर्ण उघडले.

एवढा मोठा कागद धाकट्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने मान खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. म्हातारबाने चार दाणे वर्तमानपत्रावर टाकले. गोफण नव्हती, फासा नव्हता. म्हातारबा शब्दाला पक्के होते, फक्त वकिलासारखे पक्के होते.

धाकटा उतरला. अंगणावर एक गिरकी घेऊन थेट पहिल्या पानाच्या कडेवर. जावई श्वास रोखून बसला. म्हातारबाचा एक हात पाटीकडे गेला, सावकाश, मांजराच्या पायाने.

मी ओरडायला हवे होते. आठवडाभर मी "हाऽऽ हाऽऽ" करत होते आणि ऐन वेळी तोंडातून आवाज फुटेना. स्वातंत्र्यावर मला तासभर बोलता येते, पण त्या क्षणी एक शब्द आठवला नाही. मी कुंपणाच्या फटीतून घुसले, परकर काट्याला अडकला, आणि पडता पडता हातात जे होते ते सगळ्या जोराने भिरकावले.

गठ्ठ्याची दोरी सैल होती. शे-दीडशे पत्रके एकदम हवेत उघडली. फडफड, सळसळ, वर, खाली, चारी बाजूंनी, जावयाच्या तोंडावर, म्हातारबाच्या मिशांवर. आजवर कागद म्हणजे एका जागी पडून राहणारी, पोट भरणारी वस्तू. तो असा शेकड्याने अंगावर धावून येतो, हे धाकट्याला ठाऊक नव्हते. मी दणादण डबे बडवून जी भीती त्याच्या पोटात घालू शकले नव्हते, ती त्या एका क्षणात शिरली. पंखांचा एकच टाळीसारखा आवाज झाला. म्हातारबाची पाटी बरोबर जागेवर बसली, पण तोवर तिच्याखाली वर्तमानपत्र आणि जावयाची मांडी एवढेच उरले होते.

धाकटा लिंबावर गेला, लिंबावरून पुढच्या बाभळीवर, तिथून दिसेनासा झाला.

 पत्रके अजून एकेक करून खाली येत होती. दादा ओट्यावरून उठले.

"इतक्या वेगाने आपली पत्रके आजवर कधी वाटली गेली नव्हती," ते म्हणाले.

म्हातारबाने मिशीत अडकलेले पत्रक काढले आणि पाटी उचलून ठेवली. म्हणाले, गेला म्हणजे पक्षीच होता. मग चुलीकडे तोंड करून सांगितले की जावईबापूंना आज वांग्याचे भरीत करा. जावई मांडीवरचे हुंड्याचे पत्रक वाचत बसला. त्याने ते शेवटपर्यंत वाचले, दोनदा वाचले. माझ्या लेखणीचा परिणाम झाला असे वाटून मी कुंपणातच थांबले. परिणाम झालाच. त्याने सायकलीचे नाव सोडले आणि घड्याळ मागितले.

तिसऱ्या प्रहरी आत्याने मला खळ्याकडे बोलावले. कडब्याच्या गंजीआडून पाहिले तर सात-आठ होले मातीत दाणे टिपत होते, आणि त्यांच्या कडेला, सर्वांत अधाशीपणे टिपणारा, धाकटा. चिटोरा नव्हता, अक्षर नव्हते, नुसती माती. इतक्यात सकाळचे एक पत्रक वाऱ्याने सरकत खळ्यावर आले. ते जेमतेम कडेला लागले असेल, तोच धाकटा सगळ्यांच्या आधी उडाला आणि त्याच्यामागे सगळा थवा. रानातल्या होल्यांना पत्रकाची भीती कुणी शिकवली असेल तर ती माझ्या धाकट्याने.

मला आनंद झाला. आणि जरा वाईटही वाटले, कारण ते पत्रक मीच लिहिलेले होते.

पुढे संक्रांतीला मी पुन्हा महाळुंग्याला गेले. ज्वारीच्या शेतात उभे राहून मुद्दाम वर्तमानपत्र उघडले, अगदी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हात पसरून. तारेवर बरेच होले होते. त्यांत आमचे कोणते ते मला ओळखता आले नाही. खाली मात्र एकही आला नाही. चिंचवडला येऊन काकांना सांगितले, तर त्यांनी हातातला खिळा केसीत टाकला आणि म्हणाले, आता तुझा काय ता बघूया. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी महिनाभर आत्याच्या शेतावर खुरपायला जाते. काका म्हणतात, अजून चिटोऱ्यापर्यंतच आली आहे. आंब्याची चव मात्र मी आता कुणाला विचारल्यास सांगू शकते.

आता तुमच्याकडे एक मागणे आहे, आणि ते सभेतल्या ठरावासारखे नुसते टाळ्या वाजवून सोडू नका. झाड तुटून पडलेले पिल्लू तुमच्या हाती आले तर जरूर वाढवा, पण पहिला दाणा मातीवर टाका. आणि कधी महाळुंगे-कुरुळीच्या बाजूला, बांधावर बसून तुम्ही हे पान वाचत असाल आणि एखादा होला विश्वासाने येऊन याच्या कडेवर बसला, तर त्याचे कौतुक करू नका. शेवटची ओळ राहिली तरी चालेल. पान दोन्ही हातांनी धरा आणि जोराने झटका.